पापणीची शस्त्रक्रिया

वय वाढते तशी वरच्या पापणीची कातडी सैल पडून डोळ्यावर उतरते आणि खोबणीतील चरबी पुढे सरकून पापणी फुगीर दिसू लागते. हा जादा भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेस आज ‘ब्लेफरोप्लास्टी’ म्हणतात. हे नाव ग्रेफे या जर्मन शल्यवैद्याने १८१८ मध्ये दिले. परंतु त्याचा हेतू सौंदर्याचा नव्हता, कर्करोग कापून काढल्यावर पापणी पुन्हा घडविण्याचा होता.

काम लहान म्हणून ते सोपे, ही समजूत आम्हांला मान्य नाही. प्रथम हे पाहावयाचे की, कातडी लोंबते आहे की पापणी उचलणारा स्नायूच दुबळा झाला आहे. स्नायू दुबळा असेल तर नुसती कातडी कापून काही साधत नाही. खुणा रुग्णाला बसवूनच कराव्या लागतात, कारण आडवे होताच कातडी मागे सरकते व माप फसते. खालची रेघ पापणीच्या घडीवर येते. स्त्रियांत ती कडेपासून साधारणतः ८ ते १० मिलिमीटर वर असते. मग कातडी चिमट्यात धरून किती काढता येईल हे ठरवितात. भुवईची खालची कड व पापणीची कड यांमध्ये निदान २० मिलिमीटर कातडी राखण्याचा प्रघात आहे. लोभाने जास्त कापली की डोळा पुरता मिटत नाही आणि बुबुळ सुकू लागते. उरलेली कातडी पुन्हा केव्हाही कापता येते. कापलेली मात्र परत आणणे फार जिकिरीचे.

रुग्णाला बहुधा झोपवीत नाहीत. अ‍ॅड्रिनॅलिन मिसळलेले बधिरीकरणाचे औषध टोचून थोडा वेळ थांबतात, म्हणजे रक्तस्राव कमी होतो. कातडी व जरूर तर खालच्या स्नायूची बारीक पट्टी काढून आतला पडदा उघडला की चरबी दिसते. वरच्या पापणीत तिचे दोन कप्पे असतात: मधली पिवळी, नाकाकडची पांढुरकी. कानाकडच्या बाजूस असते ती अश्रुग्रंथी. तिला चरबी समजून हात लावावयाचा नाही. चरबीही आपण होऊन पुढे येईल तेवढीच घ्यावी. ओढल्यास खोल शीर तुटते. बारीक टाके घालतात व पाच ते सात दिवसांनी काढतात.

सूज आणि काळेनिळेपणा दोन आठवडे राहिला तरी घाबरू नये. पण पहिल्या रात्री डोळ्यात वाढती कळ आली, डोळा पुढे आला किंवा अंधुक दिसू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. डोळ्यामागे रक्त साचून दृष्टिनाडीवर दाब येतो, आणि तो त्वरित न काढल्यास दृष्टी जाते. असे क्वचितच घडते. तरीही अ‍ॅस्पिरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ते शल्यवैद्याला आधीच सांगावे, आणि आपल्या मनाने बंद करू नये.