रेठऱ्याचे कुलकर्णी, हिवरगावची पवळा

लोणंद हे पालखीचं गाव. नीरेत पादुकांना स्नान घालून माउली इथं मुक्कामाला येतात, पुढं तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. त्या दिवसांत टाळ-पखवाजापुढं दुसरं काही ऐकू येत नाही. मी ढोलकीवाला. उमर तमाशाच्या फडावर गेली, आता पोरांचा हात बसवतो. पालखी पुढं गेली की शिकवणी पुन्हा सुरू होते. पहिला धडा गणाचा, आणि गण म्हटला की पठ्ठे बापूरावांचं नाव आलंच. एका पोरानं विचारलं, "मामा, हे लिहिणारे का गाणारे?" म्हटलं, दोन्ही. लेखणी त्यांची, गळा त्यांचा आणि फडही त्यांचाच.

लोणंदहून मिरजेकडं जाणारी गाडी सातारा, कराड मागं टाकून वाळवा तालुक्यात शिरते. त्याच तालुक्यात कृष्णाकाठी रेठरे हरणाक्ष आहे. तिथं 11 नोव्हेंबर 1866 ला श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, जन्मले. ब्राह्मणाचं घर, गावचं कुलकर्णीपण. म्हणजे दप्तर सांभाळायचं, वसुलीच्या नोंदी ठेवायच्या आणि सोवळ्यात राहायचं. या माणसाचं मन मात्र गावकुसाबाहेरच्या ढोलकीत अडकलं. जात्यावर बसणाऱ्या बायकांना ते ओव्या रचून देत, असं सांगतात. मला ते पटतं. त्यांच्या रचनेतला ठेका पोथीतला नाही, राबणाऱ्या हाताचा आहे.

तमाशा तेव्हा महार, मांग, कोल्हाटी मंडळींचा. आमच्या सांगली भागाची त्यातली पुण्याई मोठी आहे. तासगाव तालुक्यातल्या सावळजच्या उमाजी मांगांनी 1865 च्या सुमारास 'मोहना-बटाव' हा वग रचला. पहिला वग म्हणून त्याचंच नाव घेतात. बापूराव जन्मायच्या आधीच ही वाट पडली होती. त्या वाटेनं कुलकर्ण्याचा मुलगा चालायला लागला, तशी जात त्याच्यावर उलटली. घर सुटलं, वाळीत पडले. त्यांनी मागं पाहिलं नाही.

आता ढोलकीवाल्याच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो. लावणी नुसती वाचली तर अर्धीच कळते. गाणारा ओळ टाकतो, मागचे झीलकरी तिचा शेवट उचलून वर नेतात, तुणतुणं एका सुराला धरून राहतं, आणि तेवढ्या सवडीत ढोलकीनं आपलं बोलून घ्यायचं असतं. ही सवड कवीनं ओळीतच ठेवावी लागते. शब्द ठासून भरले तर झीलकऱ्याचा श्वास तुटतो, ढोलकी नुसती मागं धावते. बापूरावांची ओळ अशी पडते की शेवटचं अक्षर लांबवायला जागा मिळते. पोरांना मी ढोलकीच्या शाईवर बोट ठेवून थांबायला लावतो आणि ओळ संपेपर्यंत हात उचलू देत नाही. मग थाप आपसूक जागेवर पडते. कागदावर लिहिणाऱ्याला हे उमगत नाही, रात्रभर फडावर उभं राहणाऱ्यालाच उमगतं.

दोन लाख लावण्या रचल्याचं त्यांच्या नावावर सांगितलं जातं. पन्नास वर्षं धरली तरी रोज अकरा होतात. आकडा मी शब्दशः घेत नाही. पण ते शीघ्रकवी होते. सवाल आला की जवाब उभ्या उभ्या बांधायचे. असं किती एका रात्रीत जन्मलं आणि कनात उतरली तसं विरून गेलं, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्यांचा 'मिठाराणी'चा वग शाहू महाराजांपुढं कोल्हापुरात झाला. मुंबईत पिला हाऊसच्या पट्ट्यातल्या थिएटरांत त्यांचा फड गाजला.

तो गाजला त्यात पवळेचा वाटा निम्म्याहून कमी नव्हता. पवळा भालेराव, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची, महार समाजातली. रूप, गळा, अदाकारी सगळं होतं. ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी एका फडावर, एका संसारात. त्या काळात केवढा गहजब झाला असेल! गर्दी तिला पाहायला लोटायची. पुढं दोघांची ताटातूट झाली. बापूरावांवर 1950 साली सिनेमा निघाला, नाव त्यांचंच. पवळेचं नाव मात्र त्यांच्या गोष्टीतलं एक पान होऊन राहिलं. हे मला सलतं. बापूरावांनी जात सोडली म्हणून त्यांचं धाडस गायलं जातं. पवळेला जात सोडायची सोयच नव्हती. तिच्या नाचण्यावर ती चिकटलेलीच राहिली.

1927 च्या महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी आपल्या खेळांचं उत्पन्न आंबेडकरांच्या कार्याला देऊ केलं. बाबासाहेबांनी नाकारलं. आपल्या समाजातल्या बायांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. फडातली माणसं हा प्रसंग सांगताना आवाज खाली आणतात, कारण तो आमच्याच पोटावर बोट ठेवतो. मी बाबासाहेबांच्या बाजूचा आहे, आणि लावणीही माझीच आहे. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित बायांवर इंग्रजीत मोठं पुस्तक लिहिलं, ते 2022 साली आलं. त्यात पवळेला तिची जागा मिळाली.

वाळवा तालुक्यातल्याच वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी बापूरावांना गाण्यातूनच जवाब दिला. बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली होती, तिच्यात नगरीचा थाट. अण्णा भाऊ गिरणगावात राबलेले. त्यांनीही 'मुंबईची लावणी' लिहिली. तिच्यात एकीकडं मलबार हिल, दुसरीकडं परळातले रात्रंदिवस खपणारे लोक. मी पोरांना दोन्ही एकामागं एक वाजवायला लावतो. हात तोच राहतो, पण दुसरीला तो आपोआप जड पडतो.

बापूराव 22 डिसेंबर 1945 ला पुण्यात गेले, हलाखीत. ज्या गाण्यांवर कितीक फड जगले, त्यांच्या कर्त्याच्या उतारवयाला त्यातलं काही पुरलं नाही.

त्यांच्या लावण्यांची पुस्तकं छापलेली आहेत, पण छापलेल्या लावणीला चाल नसते. चाल राहते म्हाताऱ्या झीलकऱ्यांच्या गळ्यात आणि फडवाल्यांच्या बाडांत, जिथं ओळीच्या शेजारी 'अमक्या लावणीच्या चालीवर' एवढंच खरडलेलं असतं. ती दुसरी लावणी ज्याला ठाऊक तो गेला, की पहिलीही गेली. फलटण, खंडाळा, वाई, वाळवा या तालुक्यांत अजून कुणाच्या माळ्यावर अशी बाडं असतील. ती रद्दीत घालू नका. घरात जुना गाणारा असेल तर त्याच्यापुढं मोबाईल ठेवा आणि बाडातली पानं एकेक करून त्याच्याकडून गाऊन घ्या. ठेका धरायला कुणी हवं असेल, तर ढोलकी घेऊन मी येतो.