महामार्गावरचं घरचं तिखट

शेवभाजीत शेव शेवटी पडते. रस्सा पातेल्यात आधीपासून उकळत असतो, वर लाल तर्री आलेली असते, आणि गिऱ्हाईक ताटावर बसलं की मगच शेव त्यात जाते. लवकर टाकली तर लगदा होतो, उशीर झाला तर ती कोरडी राहते. चहासोबत खायची बारीक शेव इथे चालत नाही. भाजीची शेव जाड, कडक आणि तिखट लागते, बेसनाची. खान्देशात एरंडोलच्या आसपास एखाद्या घरगुती हॉटेलात जेवायला बसलात तर पहिली परीक्षा हीच: शेव मऊ झालेली, पण मोडलेली नाही.

सुरत-कोलकाता महामार्ग धुळ्याहून पारोळा, एरंडोल, पाळधी करत जळगावला जातो. जुना क्रमांक 6, आता 53. कापूस आणि केळी भरलेले ट्रक, सुरतेहून येणारे व्यापारी, चतुर्थीला पद्मालयाच्या उजव्या-डाव्या सोंडेच्या दोन गणपतींना निघालेली कुटुंबं, सगळी याच वाटेची. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं गावकरी मानतात. बकासुरासाठी गाडाभर अन्न जायचं ते इथूनच, आणि पांडववाडाही गावात दाखवतात. रोजच्या वाटसरूंना मात्र रस्त्याकडेच्या छोट्या हॉटेलांनी जेवू घातलं. अशी बहुतेक हॉटेलं एकेका घराची. गल्ल्यावर बाप, ताटं वाढायला मुलगा आणि पुतण्या. ‘नाना, दोन शेव, एक भरीत’ अशी हाक गेली की आतून फोडणीचा आवाज येतो.

या आतल्या जागेबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, आणि मला तेच लिहायचं आहे. खान्देशी भाजीची चव मसाल्यात असते आणि मसाला हॉटेलात नव्हे, घरी होतो. उन्हाळ्यात वाळवलेल्या मिरच्या, धणे, लवंग, मिरी, दगडफूल वेगवेगळं भाजायचं. प्रत्येकाची आच निराळी. एक जिन्नस करपला की सगळा घाणा कडू. रोजच्या वाटणासाठी कांदा आणि सुकं खोबरं काळसर होईपर्यंत भाजायचं, लसूण-आलं घालून बारीक वाटायचं, मग तेल सुटेपर्यंत परतत राहायचं. यातलं बरंचसं काम आई, सून, काकू करतात. त्यांचं प्रमाण वहीत नसतं, हातात असतं. ती बाई चार दिवस माहेरी गेली तर नेहमीच्या गिऱ्हाइकाला पहिल्याच घासाला कळतं. पाटीवर मात्र नाव मुलाचं, सासऱ्याचं किंवा देवाचं.

ज्या मिरचीवर हे सगळं उभं आहे ती मूळची मेक्सिकोकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली. मेक्सिकोतही अशी घरगुती खानावळ असते, तिला ‘फोंदा’ म्हणतात. दुपारी सूप, भात, एक मुख्य पदार्थ आणि फळाचं सरबत, असं ठरलेलं जेवण तिथे स्वस्तात मिळतं. मिरच्या, टोमॅटो, कांदा तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचे आणि दगडी खलात वाटायचे, ही तिथलीही रीत. फोंदा बहुधा बाईच्या हातची असते आणि लोक तिला त्या बाईवरून ओळखतात. 2010 मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा मिचोआकान प्रांतातल्या स्वयंपाकिणींच्या गटांचा त्यात आवर्जून उल्लेख झाला. आपल्याकडे जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आनंद आहेच. पण मान वांग्याला मिळाला, ते भाजणारीला नाही.

भरीत थंडीतलं. पांढरट हिरवं, मोठं, कमी बियांचं वांगं कापसाच्या वाळक्या काड्यांवर भाजतात. गॅसवर भाजलेल्यात तो धूर येत नाही, आणि धुराशिवाय भरीत अपुरंच. साल काढून लाकडी भांड्यात हिरवी मिरची-लसणासह ठेचतात, मग कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून तेलात परततात. सोबत कळण्याची भाकरी: ज्वारी आणि काळे उडीद मिठासह एकत्र दळलेले. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, उडीद ते भरून काढतात. आजीला हा शब्द माहीत नसला तरी भाकरीने मजूर दिवसभर तग धरतो हे तिने पाहिलेलं होतं. कडक, खरपूस, किंचित खारट अशी ही भाकरी गरम असतानाच खावी.

संध्याकाळी गावातली माणसं डबे घेऊन येतात. भाजी तेवढी विकत न्यायची, भाकऱ्या घरी थापलेल्या असतातच. पुण्या-मुंबईला शिकायला गेलेल्या मुलांच्या पिशवीतही हा मसाला जातो. काही घरांनी तो पाकिटात भरून विकायला सुरुवात केली आहे. त्या पाकिटावर तो भाजणाऱ्या बाईचं नाव ठळक छापावं, आणि हॉटेलच्या पाटीवरही. गल्ल्यावरच्या नानांनी एवढं केलं तर त्यांच्या धंद्याला काही कमी पडणार नाही.