तळहाताचा घाम आणि संगणकाची मोजदाद

कोल्हापूरच्या गुऱ्हाळात चुलवाणापुढे राबणाऱ्या माणसाला घाम येतो तो उष्णतेने. परंतु खासबागेच्या मैदानात उतरण्यापूर्वी पैलवानाचे तळवे ओलसर होतात, ते प्रामुख्याने मनावरील ताणामुळे. मन उत्तेजित झाले की अनुकंपी मज्जासंस्था तळहातावरील घर्मग्रंथींना चालना देते आणि त्वचेची विद्युत्-वाहकता वाढते. फ्रान्समधील फेरे यांनी १८८८ साली या घटनेची नोंद केली. मानसशास्त्रीय संशोधनात तिचा उपयोग आजही होत आहे.

मोजणीची रीत

दोन बोटांना विद्युतग्रे लावून सुमारे अर्ध्या व्होल्टचा सौम्य दाब दिला जातो. वाहकता मायक्रोसीमेन्स या एककात मोजतात. एखादा आवाज ऐकविल्यावर साधारणपणे एक ते तीन सेकंदांनी आलेख वर चढू लागतो आणि नंतर सावकाश उतरतो. पूर्वी संशोधक ही चढण कागदावर हाताने मोजीत असत. मात्र पहिली लाट ओसरण्यापूर्वीच दुसरी आली, तर दोहोंची उंची वेगळी काढणे कठीण होते.

या कामी संगणकाच्या आज्ञावली साहाय्यभूत ठरल्या आहेत. बेनेडेक व केर्नबाख यांनी २०१० मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आधारलेली ‘लेडालॅब’ ही आज्ञावली विनामूल्य उपलब्ध आहे. ती वाहकतेची संथ पातळी व क्षणिक लाटा वेगळ्या करते आणि एकमेकींत मिसळलेल्या लाटांची फोड करते.

यंत्राच्या मर्यादा

तथापि, आज्ञावलीला निकष माणसानेच द्यावे लागतात. लहानात लहान लाट ०.०१ मायक्रोसीमेन्सची धरावी की ०.०५ ची, यावर लाटांची संख्या बदलते. खोकला, दीर्घ श्वास किंवा बोटांची हालचाल यांमुळेही आलेख उसळतो. म्हणून निकष आधी ठरवून ते अहवालात नमूद करणे अगत्याचे असते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आलेख उत्तेजना दाखवितो. तिचे कारण दाखवीत नाही. चोरीच्या आळाने घाबरलेल्या निरपराध माणसाचे तळवेही ओले होतात. ‘असत्यशोधक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पॉलिग्राफ यंत्रात श्वसन व रक्तदाबासमवेत हीच वाहकता नोंदविली जाते. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी निर्णय दिला की, अशी चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याचा जो हक्क संविधानाच्या अनुच्छेद २० (३) ने दिला आहे, त्याचा तो भंग ठरतो.

गावातील तंट्यात ‘यंत्रावर बसवा, खरे-खोटे कळेल’ अशी भाषा कानी आली, तर पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही मर्यादा लोकांना समजावून सांगितली पाहिजे. घामाचे मोजमाप संगणक अचूक करील. परंतु त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी माणसाचीच राहील.