छंद मुलांचा, पैसा कोणाचा?

एकत्र कुटुंबात राहणाऱ्या गृहस्थांवर एक प्रसंग आज ना उद्या येतोच. घरातील एखादे दहा-बारा वर्षांचे मूल अशा छंदाने झपाटते की, त्याची किंमत ऐकूनच वडील माणसांच्या तोंडचे पाणी पळावे. मूल कमावण्याच्या वयाचे नसते, बापाचा पगार ठरलेल्या वाटांनी जात असतो, आणि आजोबांच्या पेन्शनवर सर्वच नातवंडांचा सारखा हक्क असतो. अशा वेळी काय करावे, याविषयी आमच्या घरी गेल्या दोन वर्षांत जो अनुभव आला, तो वाचकांपुढे ठेवीत आहे. त्यात प्रस्तुत लेखकाची एक चूकही आहे. तीही येथे सांगितली आहे, कारण लेखातील मुख्य धडा तिच्यातच आहे.

आमचे घर कुपवाडास आहे. सांगली, मिरज व कुपवाड ही तिन्ही गावे १९९८ साली एका महानगरपालिकेत आली. घराच्या एका अंगास औद्योगिक वसाहत, आणि थोड्याच मैलांवर मिरज. मिरजेची कीर्ती वाचकांस सांगावयास नकोच. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी जेथे आपली अखेरची वर्षे काढली, त्या गावच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणेबजावणे होते. आमची नात त्या वेळी अकरा वर्षांची होती. ती माझ्याबरोबर तेथे गेली, सतार ऐकून आली, आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही.

पुढच्याच रविवारी मी तिला सतारमेकरांच्या गल्लीत नेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी मिरजेत हा धंदा उभा केला. त्यांचे घराणे मूळचे हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तुणीचे लाकूड, हाताने बसविलेले पडदे आणि कानाने जुळविलेली जवारी, असे हे काम आजही चालते. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. कारागिराने नातीच्या बेताची एक सतार काढून दाखविली. किंमत चोवीस हजार रुपये! मी मनात म्हटले, मास्तरकीची सारी वर्षे काटकसरीत गेली. आता एवढी एक हौस पुरविली तर काय बिघडले? घरी येऊन मी तसे जाहीरही करून टाकले.

त्या रात्री पानावर बसलो असता माझ्या धाकट्या बंधूंचा नातू हळूच म्हणाला, “आजोबा, माझी बॅट आणि पॅड पुढच्या वर्षी घ्यायचे ठरले होते ना?”

वाक्य एवढेच. पण सर्वांचे हात क्षणभर थांबले. सूनबाई वाढता वाढता स्वयंपाकघरात निघून गेल्या. आदल्या वर्षी त्या मुलाला “एवढा खर्च घराला झेपणार नाही” असे सांगणारा मीच होतो. सहा हजार झेपत नव्हते आणि चोवीस हजार झेपतात, हे कोणत्या न्यायाने? एकत्र कुटुंबे मोडतात ती बहुधा मोठ्या भांडणांनी मोडत नाहीत. मुलाच्या ताटात काय पडले व पुतण्याच्या ताटात काय पडले, याच्या मुक्या हिशेबानेच ती आतून पोखरली जातात. मी शब्द परत घेतला. नात रडली, आणि मला रात्रभर झोप आली नाही.

पूर्वी अशा प्रसंगी आश्रयदाता शोधीत. विष्णु दिगंबर पलुसकरांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडास झाला. लहानपणी दारूकामाच्या अपघाताने त्यांची दृष्टी अधू झाली, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी त्यांचे गायनाचे शिक्षण झाले. त्या शिक्षणास मिरजेच्या संस्थानिकांचा आधार होता. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत आणि माधुकरी मागून शास्त्रे पढत. ते संस्थानिक गेले, ती माधुकरीही गेली. परंतु आमच्या या मुलखात दुसराही एक मार्ग घालून दिलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली ती साताऱ्यास आणली. त्यांच्या वसतिगृहांतील मुले शेतात राबून, स्वयंपाक करून, स्वतःच्या श्रमाने शिकत. त्या मुलांपुढे प्रश्न पोटाचा होता, आमच्या मुलांपुढे हौसेचा. म्हणून तर आमच्या मुलांनी थोडेसे राबावे, यात अन्याय कसला?

तरीही मुलांना कामास लावणे म्हणजे नोकरीस लावणे नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. वसाहतीतील एका परिचित कारखानदारांनी सहज सुचविले, “सुट्टीत पाठवा नातीला, डबे भरण्याचे हलके काम आहे.” मी हात जोडले. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यात कामास ठेवणे निषिद्ध झाले आहे. शाळेच्या वेळेनंतर वा सुट्टीत स्वतःच्या कुटुंबाच्या, धोक्याच्या नसलेल्या उद्योगात हातभार लावण्याची तेवढी मुभा आहे. १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाने केलेला करार बांधील नसतो; म्हणून देण्याघेण्यात वडील माणूस पुढे असावा लागतो. एकूण, मुलाची कमाई घराच्या अंगणातच व वडिलांच्या नजरेखालीच व्हावी, हे कायद्यासही संमत आणि शहाणपणासही संमत.

आम्ही बंधू व दोन्ही सुना एके दिवशी बसलो आणि चार नियम ठरविले. पहिला, छंदाच्या वस्तूची निम्मी किंमत घर देईल, निम्मी मूल मिळवील. हा नियम सर्व नातवंडांस सारखा. दुसरा, अंथरुणे काढणे, पाणी भरणे, आजीचे पाय चेपणे यांचे पैसे मिळणार नाहीत. घरचे कर्तव्य विकत मिळू लागले की घराची खाणावळ होते. तिसरा, अभ्यास व झोप यांस धक्का लागता कामा नये. चौथा, प्रत्येकाने स्वतःची जमाखर्चाची वही ठेवावी.

मग खर्चच कमी करण्याचा विचार झाला, आणि वाचकांसही आमची हीच पहिली सूचना आहे. छंदाची किंमत दुकानातील पाटीवरून ठरवू नये. मी पुन्हा मिरजेस गेलो, तेव्हा तोच कारागीर म्हणाला, “मास्तर, शिकाऊ हाताला नवी सतार कशाला? जुनी आहे, पडदे बदलून, जवारी काढून देतो.” किंमत अकरा हजार. म्हणजे नातीचा वाटा साडेपाच हजार. डोंगराची टेकडी झाली. सतार हाती येईपर्यंत शिकविणाऱ्या बाईंनी आपल्याच वाद्यावर आठवड्यातून दोन दिवस बसू दिले. दहा ते चौदा वर्षांच्या कलावंत मुलांसाठी केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती आहे, तिचाही पालकांनी विचार करावा. मात्र ती गुणावर मिळते, हौसेवर नव्हे.

नातीने परसात तुळस, झेंडू, सदाफुली यांची रोपे तयार करण्यास आरंभ केला. प्रथमची चाळीस रोपे अति पाण्याने कुजली. दुसऱ्या खेपेची जगली. दिवाळीपूर्वी बांबूच्या काड्या व रंगीत कागद आणून भावंडांनी आकाशकंदील केले. बंधूंचा नातू आळीतल्या सायकली धुऊन, पुसून, तेल घालून देई. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास बचत खाते स्वतः चालविण्याची मुभा बँका देऊ शकतात, आणि रिझर्व्ह बँकेने २०२५ साली हे पुनश्च स्पष्ट केले आहे. म्हणून दोघांचीही खाती उघडली. पासबुकात आपले नाव पाहून दोघांचीही मान जी ताठ झाली, ती कोणत्याही बक्षिसाने झाली नसती.

आता माझी चूक सांगतो. पावसाळ्यात रोपांस गिऱ्हाईक मिळेना. नातीचे तोंड उतरलेले मला पाहवेना. मी एका स्नेह्यांस चारशे रुपये दिले व म्हटले, “तुम्ही म्हणून वीस रोपे घेऊन जा.” त्यांनी नेली. नात हर्षाने नाचली. पंधरा दिवसांनी ती काही निरोप घेऊन त्यांच्याकडे गेली, तो ती वीसही रोपे पिशव्यांसकट भिंतीच्या कडेला वाळून पडलेली! पोर हुशार, तिला सर्व उमगले. घरी येऊन ती मला एक शब्दही बोलली नाही. संध्याकाळी तिने वही माझ्यापुढे ठेवली. चारशेच्या रकमेवर रेघ ओढलेली होती आणि शेजारी लिहिले होते, “आजोबांचे. परत.” नोटाही वहीतच होत्या.

आयुष्यभर मी हजारो वह्या तपासल्या, पण त्या वहीने मला तपासले. मुलास पैसे द्यावयाचे तर उघडपणे द्यावेत. पण ते मुलाच्याच श्रमाचे आहेत असे भासवून देणे म्हणजे त्याच्या श्रमाचाच अपमान. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “आजोबा, खरे गिऱ्हाईक नाही आले तर नाही. मग मी दुसरे काही करीन.” आणि तिने केलेही. रोपांबरोबर त्यांची निगा कशी राखावी, याच्या सुवाच्य चिठ्ठ्या लिहून देऊ लागली, आणि खरी गिऱ्हाइके आली.

चौदा महिन्यांनी तिच्या वहीचा मेळ असा जमला: रोपे, २,३०० रुपये; कंदील, १,८५०; जुनी पुस्तके विकून, ६००; पाठांतर स्पर्धेची बक्षिसे, ७५०. एकूण ५,५०० रुपये. सतार घरी आली त्या दिवशी तिने ती प्रथम देवापुढे ठेवली, आणि मग चुलतभावाच्या हाती दिली. त्याने एक तार छेडून पाहिली.

त्या मुलाची हकीकत निराळी. नऊशे रुपये जमल्यावर त्याचा क्रिकेटचा नाद ओसरला. सांगलीत बुद्धिबळाची परंपरा मोठी. शाळेतल्या मित्राबरोबर तो पटावर बसू लागला, आणि त्या छंदास लाकडी सोंगट्यांपलीकडे फारसा खर्च नाही. त्याला कोणीही हिणवले नाही. छंद खरा की क्षणिक, हे सांगणारी कसोटी म्हणजे स्वतःचे श्रम. ती कसोटी सहा हजार खर्चून नंतर लागण्यापेक्षा आधी लागली, हे घराचे भाग्यच.

परंतु त्या नऊशे रुपयांवरून बंधूंचे व माझे थोडे वाजले. बंधू म्हणाले, “बॅट नको तर पैसे घरखर्चात जमा व्हावेत. अन्न घरचे, अंगण घरचे.” त्यांच्या म्हणण्यास आधार नाही असे नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात भार्या, पुत्र व दास यांची कमाई धन्याचीच म्हटली आहे. पण त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात विद्येने मिळविलेले धन ज्याचे त्याचे, असेही सांगितले आहे. या विद्याधनावर पुढे शतकानुशतके वाद चालला. कुटुंबाच्या पैशाने शिकलेल्याची कमाई कुटुंबाची की त्याची? अखेर बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या खटपटीने १९३० साली हिंदू विद्याधनाचा कायदा झाला. शिक्षणाचा खर्च कुटुंबाने केला असला, तरी त्या विद्येची मिळकत मिळविणाराची, असा निर्णय झाला. प्राप्तीकराच्या कायद्यातही अज्ञान मुलाचे उत्पन्न एरवी आईबापांच्या उत्पन्नात धरतात, पण त्याने स्वतःच्या श्रमाने वा कौशल्याने मिळविलेले धरीत नाहीत. मी म्हटले, “भाऊ, सरकार जे मुलाचे मानते, ते आपण का हिरावून घ्यावे?” बंधू हसले. नऊशे रुपये मुलाच्याच खात्यावर राहिले.

वाचकहो, मुलांच्या छंदास पैसा पुरविण्याच्या युक्त्या पुष्कळ सांगता येतील, आणि प्रत्येक गावी त्या निराळ्या असतील. ज्या घरी परस नाही, तेथे कंदील होतील. ज्या घरी कंदील नाहीत, तेथे आणखी काही. परंतु त्या कमाईवर मुलाचाच हक्क राहिला, तीत लबाडीचे नाणे मिसळले नाही, आणि घरातील सर्व मुलांस एकच माप लागले, तरच तिच्यापासून काही निपजेल. आमच्या घरी आता पहाटे सतारीचे सूर ऐकू येतात. ते अजून बेसूर आहेत. पण त्यांपैकी निम्मे तिच्या श्रमाचे आहेत आणि निम्मे साऱ्या घराचे. म्हणून आम्ही कोणीही तक्रार करीत नाही.