मोटारींतील इन्व्हर्टर



खालापूर तालुक्यांतील खोपोलीचें जलविद्युत् केंद्र १९१५ सालीं सुरू झालें आणि कर्जत तालुक्यांतील भिवपुरीचें १९२२ सालीं. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी नळांतून खालीं उतरवून मुंबईच्या गिरण्यांना एके काळीं वीज पुरविणारा हा मुलूख. पण आषाढांतील एखाद्या रात्रीं तारेवर झाड कोसळलें, कीं याच मुलखांतील घरें अंधारांत बसतात. अशा रात्रीं, किंवा बोरघाटांत वाहनांची रांग तासन्‌तास खोळंबली असतां, मोटारींतील एका लहानशा यंत्राची आठवण होते. सिगारेट पेटविण्याच्या खोबणींत बसविण्याचा, वहीएवढा, शंभर-दीडशे वॅटांचा हा इन्व्हर्टर.

मोटारीच्या बॅटरींतील वीज १२ व्होल्टांची व एकाच दिशेनें वाहणारी. घरांतील वीज २३० व्होल्टांची आणि सेकंदांत पन्नास वेळां हेलकावे पुरे करणारी. पहिलीची दुसरी करणें हें इन्व्हर्टरचें काम. याच्या उलट काम आपल्याकडे फार जुनें आहे. कर्जतवरून घाट चढणारी आगगाडी विजेवर चालूं लागली तेव्हां प्रत्यावर्ती वीज एकदिश करून ती १५०० व्होल्टांनीं तारेंत सोडीत, आणि हा प्रकार पुढें कित्येक दशकें टिकला.

आतां थोडा हिशेब करूं. इन्व्हर्टरवर १०० वॅटांचें उपकरण लावलें, तर यंत्रांतील घट धरून बॅटरींतून सुमारें १० अँपियर प्रवाह जातो. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपियर-तासांची असते. म्हणजे साडेतीन तासांची निश्चिंती, असें कागदावर दिसतें. परंतु ही बॅटरी इंजिनाला क्षणभर जोराचा धक्का देण्यासाठीं घडविलेली असते, सावकाश रिकामी होण्यासाठीं नव्हे. ती अर्धी उतरली कीं इंजिन सुरू होईल याचा भरंवसा राहत नाहीं, आणि ती जुनी असली तर त्याहूनही आधीं.

येथेंच बहुतेकांची फसगत होते. बॅटरी उतरूं लागली कीं इन्व्हर्टर शिटी वाजवितो. ती वाजेपर्यंत चिंता नाहीं, असें लोक समजतात. वस्तुतः पुष्कळ यंत्रांची शिटी साडेदहा व्होल्टांच्या आसपास वाजते. विसांवलेली भरली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखविते, अर्धी १२.२. एवढ्याशा ओझ्याखालीं जी साडेदहावर आली ती जवळजवळ संपलीच. तेव्हां ही शिटी आपल्याला घरीं पोंचविण्यासाठीं नाहीं. इंजिन बंद ठेवून अर्ध्या तासाहून अधिक वेळ १०० वॅटांचें ओझें ठेवूं नये; पुढें चालवावयाचें असल्यास इंजिन सुरू करावें.

पण बॅटरी भरलेली असून उपकरण लावतांच शिटी वाजली तर? अशा वेळीं दोष बहुधा खोबणींत असतो. तिच्या तळाशीं धूळ, गंज, क्वचित् एखादें नाणेंही सांपडतें. १० अँपियर प्रवाह जात असतां सांध्यांत ओहमच्या एकदशांशाएवढा अडथळा असला तरी एक व्होल्ट वाटेंतच नाहींसा होतो. प्लगाला हात लावून पाहावा; तो चटका देण्याइतका तापला असेल तर चोर सांपडला. किल्ली काढून खोबणी कोरड्या फडक्यानें पुसावी व प्लग घट्ट बसवावा.

यंत्रावरील दिवाच लागत नसेल, तर प्रथम किल्ली योग्य घरावर फिरविली आहे ना तें पाहावें. मग प्लगाच्या टोंकांतील फ्यूज, नंतर मोटारीचा फ्यूज. तो बहुधा १० किंवा १५ अँपियरांचा असतो व तेवढ्याचाच पुन्हां घालावा. तेथें बेगडाचा तुकडा खुपसणाऱ्या कारागिराला मी मोटारीला हात लावूं देणार नाहीं. मग फ्यूजऐवजीं तार जळते.

भ्रमणध्वनीसाठीं मात्र इन्व्हर्टर लावूंच नये. १२ चे २३० आणि पुन्हां २३० चे ५ व्होल्ट करण्याचा हा द्राविडी प्राणायाम आहे. त्याचा स्वतंत्र चार्जर मिळतो.

खरी अडचण मोटर असलेल्या उपकरणांची. दम्याच्या रोग्यासाठीं औषधाचा फवारा करणारा नेब्युलायझर घ्या. त्यांतील पंप सुरू होतांना क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढतो, आणि पाटीवर इन्व्हर्टरहून कमी वॅट लिहिलेले असूनही इन्व्हर्टर बंद पडतो. शिवाय स्वस्त यंत्रांतील वीज हेलकाव्यांची नसून पायऱ्यापायऱ्यांची असते. तिच्यावर मोटर गुणगुणते व तापते. या कामासाठीं शुद्ध साइन लहरीचें व पुरेशा ताकदीचें यंत्रच घ्यावें. तें मोठें असल्यास खोबणी सोडून जाड तारांनीं व स्वतःच्या फ्यूजसह बॅटरीलाच जोडावें लागतें. सर्व जोडणी घरीं, उजेडांत, एकदां पुरी चालवून पाहावी. घाटांत खोळंबल्यावर, रोगी धापा टाकीत असतां, हा प्रयोग प्रथमच करण्याची पाळी येऊं नये. डॉक्टरांनीं सांगितलेला हातांतला पंप जवळ हवाच, किंवा सेलांवर चालणारा लहान नेब्युलायझर.

आणि इंजिन चालू ठेवावयाचें तें मोकळ्या हवेंत. पाऊस लागतो म्हणून गाडी बंद गॅरेजमध्यें उभी करून घरांत तार ओढणें जिवावर बेतूं शकतें. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बसल्या जागीं झोंप येते एवढेंच कळतें.