पहिली मंडळी : आदर्श कशात?

प्रारंभीची ख्रिस्ती मंडळी आजच्या काळाने आदर्श मानावी काय, हा प्रश्न केवळ ख्रिस्ती बांधवांपुरता मर्यादित नाही. ज्या इंदूर नगरीत १८८७ साली ख्रिश्चन कॉलेजची स्थापना झाली, तेथील श्रोत्यांना तो परका वाटू नये. ‘उगमाकडे परत चला’ ही हाक प्रत्येक धर्मात व संस्थेत अधूनमधून उठतच असते.

मराठी मुलखात ही हाक मनावर घेणारे पुरुष म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८६१ साली कोकणात जन्मलेल्या या कवीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी दीर्घकाळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये कार्य केले. १९१७ मध्ये मात्र त्यांनी मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचे ते बंधुमंडळ व्हावे, ही त्यांची कल्पना होती. मे १९१९ मध्ये टिळक निवर्तले आणि प्रयोग अल्पायुषी ठरला.

टिळकांना मोह पडावा, असे त्या पहिल्या मंडळीत काय होते? ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथानुसार यरुशलेममधील विश्वासणारे आपली मालमत्ता विकून ज्याला जशी गरज तसे वाटून देत, घरोघरी एकत्र जेवत. परंतु तोच ग्रंथ दोषही झाकून ठेवीत नाही. हनन्या व सप्पीरा यांनी किमतीतील काही भाग लपविला. ग्रीक भाषिक विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा झाली. करिंथ येथे तर प्रभुभोजनाच्या वेळी कोणी तृप्त, तर कोणी उपाशी राही. पौलाने त्याबद्दल कठोर शब्दांत कानउघाडणी केली.

मग आदर्श कशात पाहावा? निर्दोषपणात नव्हे, तर दोष दुरुस्त करण्याच्या रीतीत. विधवांची तक्रार दडपली गेली नाही. सात जण निवडून वाटपाची व्यवस्था लावण्यात आली. इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमच्या सभेने ठरविले की, अन्य जातींतून आलेल्यांवर सुंतेचे बंधन घालू नये. म्हणजे पहिल्या मंडळीनेच आपल्या पूर्वजांची रूढी दुसऱ्यांवर लादण्याचे नाकारले. या दृष्टीने टिळकांचे भजन-कीर्तन हे मूळ परंपरेशी इमान राखणारेच होते, जरी यरुशलेमात टाळ-मृदंग वाजले नव्हते. उणीव होती ती दुसरीकडे : दरबार एका व्यक्तीच्या तेजावर उभा होता, ‘सात जणांची’ व्यवस्था रुजण्यास त्याला अवधीच मिळाला नाही.

माजी विद्यार्थी मित्रहो, आपणही शाळेच्या जुन्या दिवसांना सुवर्णकाळ म्हणतो. त्या काळाकडे अवश्य पाहावे. मात्र पाहताना एक प्रश्न विचारावा : वाटपात उपेक्षित राहिलेल्याची तक्रार तेव्हा कोण ऐकत होते, आणि आज कोण ऐकतो? उगमाशी असलेले आपले खरे नाते या उत्तरावरून ठरेल.