रांगेला शेवट हवा

दिवाळीतल्या सोमवारी, २० ऑक्टोबर २०२५ला, अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा बसली आणि स्नॅपचॅटपासून कॅनव्हापर्यंत बरंच काही ठप्प झालं. खापर फुटलं ते डीएनएसवर. ते चूक नाही. डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचा पत्ताच नोंदीतून पुसला गेला होता. पण तो पत्ता तीन तासांच्या आत परत आला. सगळं सुरळीत व्हायला मात्र जवळपास पंधरा तास लागले. मधल्या तासांत काय चाललं होतं, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे आणि त्याची चर्चा फारच कमी झाली.

अ‍ॅमेझॉनच्या खुलाशात त्याचं उत्तर आहे. भाड्याने दिलेल्या सर्व्हरांमागच्या यंत्रांवर लक्ष ठेवणारी त्यांची एक अंतर्गत प्रणाली आहे. प्रत्येक यंत्राशी ती ठरावीक मुदतीचा करार ठेवते. डेटाबेस परतल्यावर असे असंख्य करार एकदम नव्याने करायची वेळ आली. काम इतकं साचलं, की करार पुरा होण्याआधीच त्याची मुदत संपायची आणि तेच काम पुन्हा रांगेत जायचं. यंत्रणा अखंड राबत होती, पुढे मात्र काहीच सरकत नव्हतं. अखेर अभियंत्यांनी येणारं काम रोखलं, निवडक सर्व्हर रीस्टार्ट केले, रांगा रिकाम्या झाल्या आणि मग करार होऊ लागले.

हे फक्त अ‍ॅमेझॉनच्या आकारालाच होतं असं नाही. हिंजवडीतल्या एखाद्या टीमने लिहिलेली साधी स्प्रिंग बूट सेवा घ्या. तिच्या पोटातल्या टॉमकॅटला डिफॉल्ट २०० थ्रेड मिळतात आणि आलेली प्रत्येक रिक्वेस्ट एक थ्रेड अडवते. एका रिक्वेस्टला ५० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला ४,००० रिक्वेस्ट निघतात. आता मागची एखादी सेवा, समजा पेमेंटची, बंद न पडता नुसती मंदावली आणि उत्तराला दोन सेकंद घेऊ लागली. तेच २०० थ्रेड आता सेकंदाला जेमतेम १०० रिक्वेस्ट काढतात. जॉन लिटल यांनी १९६१मध्ये सिद्ध केलेला रांगांचा नियम हाच हिशेब सांगतो. मेलेली सेवा निदान ताबडतोब नकार देते. मंदावलेली सेवा थ्रेड धरून ठेवते. म्हणून मला मंदावलेल्या सेवेची भीती जास्त वाटते.

अशा वेळी थ्रेड डंप काढून पाहावा. एक ते दोनशे क्रमांकाचे थ्रेड ओळीने दिसतात आणि सगळे कोडच्या एकाच ओळीवर थांबलेले असतात. सीपीयू जवळजवळ रिकामा असतो. ज्यांना पेमेंटशी देणंघेणं नाही, नुसता कॅटलॉग पाहायचा आहे, तेही अडकतात.

यावर उपाय म्हणून लोक स्वतःचा थ्रेड पूल बांधतात आणि तिथेच एक जुना सापळा आहे. स्प्रिंगच्या एक्झिक्युटरमध्ये कोअर ८, मॅक्स ५० असं लिहिलं आणि रांगेची क्षमता लिहायची राहिली, तर तो ५०चा आकडा कधीच कामाला येत नाही. जावाचा मूळ पूल रांग भरल्याशिवाय आठच्या पुढे नवा थ्रेड काढत नाही, आणि न लिहिलेली क्षमता म्हणजे २१४ कोटींहून जास्त जागा. ती रांग भरण्याआधी मेमरी संपते. टॉमकॅटने आपल्या पूलमध्ये हा क्रम मुद्दाम उलटा केला आहे: आधी थ्रेड वाढवायचे, मग रांग लावायची. हा फरक ठाऊक नसताना दोन्हीकडे सारखेच आकडे टाकलेले मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत.

या विषयात मायकेल नायगार्ड यांचं ‘रिलीज इट!’ हे २००७चं पुस्तक मी सगळ्यात वर ठेवतो. त्यात एका विमान कंपनीची हकिगत आहे. डेटाबेस एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवला गेला. त्यानंतर स्टेटमेंट बंद करणाऱ्या ओळीत एक्सेप्शन आली, त्यामुळे कनेक्शन परत करणारी पुढची ओळ चाललीच नाही. एकेक करत कनेक्शन पूल संपला, थ्रेड त्याची वाट पाहत थांबले, त्या सेवेवर विसंबलेले चेक-इन किऑस्कचे थ्रेडही थांबले आणि प्रवासी विमानतळावर अडकले. नायगार्ड यांचा धडा जहाजबांधणीतून आलेला आहे: तळात वेगळे कप्पे असले, की एका कप्प्यात पाणी शिरल्याने जहाज बुडत नाही. मागच्या प्रत्येक सेवेसाठी वेगळा, लहान पूल. नेटफ्लिक्सच्या हिस्ट्रिक्स या लायब्ररीने हेच केलं आणि प्रत्येक पूलला डिफॉल्ट फक्त दहा थ्रेड दिले. पेमेंट अडकलं, तर दहाच थ्रेड अडकतात. अकराव्या कामाला लगेच नकार मिळतो आणि कॅटलॉग चालू राहतो. नकार देणारी सेवा टीमला कमीपणाची वाटते. मला ती जबाबदार वाटते.

सप्टेंबर २०२३मध्ये जावा २१बरोबर व्हर्च्युअल थ्रेड आले आणि पूलचा जमाना संपला असं म्हटलं जाऊ लागलं. थ्रेड खरोखरच स्वस्त झाले. त्यांचे पूल करूही नयेत. सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये ते मूळ थ्रेडला चिकटून बसत, ती अडचणही मार्च २०२५च्या जावा २४ने बरीचशी सोडवली. पण डेटाबेस कनेक्शन स्वस्त झालेली नाहीत. स्प्रिंग बूटसोबत येणारा हिकारी हा कनेक्शन पूल डिफॉल्ट दहाच कनेक्शन ठेवतो. दहा हजार व्हर्च्युअल थ्रेड सोडले, की रांग टॉमकॅटकडून उठून त्या दहांसमोर लागते. तिथे किती वेळ थांबायचं, याचं हिकारीचं डिफॉल्ट उत्तर आहे ३० सेकंद. तेवढ्यात मोबाइलवरच्या माणसाने दोनदा रिफ्रेश केलेलं असतं, आणि सोडून दिलेली त्याची पहिली रिक्वेस्ट अजून रांगेतच असते.